चक्रीवादळाचा पाऊस : आकाशात नसलेले पाणी येते कोठून?

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेतील पर्जन्यमापकाने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला, ही गोष्ट मुंबई अद्याप विसरलेली नाही. तो पाऊस चक्रीवादळाचा नव्हता, मोसमी वाऱ्यांचा होता. परंतु त्याच्या निमित्ताने जो प्रश्न मनात उभा राहतो, तो चक्रीवादळांच्या बाबतीत अधिकच बिकट होतो. ऐन पावसाळ्यातल्या अत्यंत दमट दिवशी जमिनीपासून ढगांच्या माथ्यापर्यंत आपल्या डोक्यावरच्या हवेत जेवढे बाष्प असते, तेवढे सगळेच्या सगळे, काहीही शिल्लक न ठेवता, पाण्याच्या रूपाने खाली उतरवले, तर जमिनीवर साठ-सत्तर मिलिमीटर, म्हणजे जेमतेम चार बोटे उंचीचा थर साचेल. त्याहून अधिक पाणी आकाशापाशी एका वेळी नसतेच. मग एका दिवसात 944 मिलिमीटर पडले कसे? आणि हिंदी महासागरातील रेयूनियन बेटावर 1966 च्या जानेवारीत, डेनिस नावाच्या चक्रीवादळात, फॉक-फॉक या ठिकाणी चोवीस तासांत जे 1825 मिलिमीटर पाणी कोसळले, म्हणजे मुंबईच्या त्या दिवसाच्या जवळजवळ दुप्पट, ते कोठून आले? चोवीस तासांच्या पावसाचा तो जागतिक उच्चांक आजही अबाधित आहे.

बाष्पाचा जमाखर्च

या प्रश्नाचे उत्तर साध्या हिशेबात दडलेले आहे. आकाशाची शिल्लक सत्तर मिलिमीटरांची आणि खर्च 1825 मिलिमीटरांचा, म्हणजे त्या एका दिवसात फॉक-फॉकच्या आकाशातील बाष्पाचा साठा पंचवीस वेळांहून अधिक रिता झाला आणि तितक्याच वेळा पुन्हा भरला गेला, असा याचा अर्थ होतो; आणि ज्याअर्थी तो भरला गेला, त्याअर्थी बाहेरून बाष्पाची अखंड आवक चालू होती. ही आवक पायाखालच्या समुद्रातून होत असेल, असे प्रथमदर्शनी वाटते. वादळी वाऱ्याखाली समुद्राचे पाणी झपाट्याने वाफ होऊन वर जाते हे खरेच. तथापि वादळाच्या मध्यभागी पडणाऱ्या पावसाच्या मानाने तेथल्या तेथे होणारे बाष्पीभवन फारच थोडे असते. उरलेले सारे पाणी दूरदूरच्या समुद्रावरून, शेकडो किलोमीटरांच्या मुलुखातून, वाऱ्याबरोबर वाहत येते.

येथे भूमितीतील एक परिचित नियम वादळाच्या मदतीस येतो. वर्तुळाची त्रिज्या दहापट केली की त्याचे क्षेत्रफळ शंभरपट होते. पाचशे किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळातील हवेत साठलेले बाष्प पन्नास किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाकडे ओढले जाऊ लागले, तर प्रत्येक ठिकाणची शिल्लक कितीही माफक असो, मध्यावर जमा होणारी रक्कम बेसुमार होते. म्हणून चक्रीवादळाच्या पावसाचे रहस्य ढगात किती पाणी आहे यात नाही. चहूबाजूंची हवा मध्याकडे किती वेगाने एकवटते, यात आहे.

हवा आत का वळते?

वास्तविक, हवा केंद्राकडे सरळ धावत जात नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाहता वारा उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो, त्यामुळे कमी दाबाच्या केंद्राकडे निघालेली हवा केंद्राभोवती फिरू लागते. उंचावर तिचे फिरणे जवळपास समतोल असते : आत ओढणारा दाबाचा जोर आणि बाहेर ढकलणारी वक्रगतीची प्रवृत्ती एकमेकांना तोलून धरतात, आणि हवा नुसती भोवती फिरत राहते. तशीच ती समुद्राच्या पृष्ठाजवळही फिरत राहिली असती, तर बाष्प केंद्राकडे आलेच नसते आणि पाऊसही बेताचाच पडला असता.

पण समुद्राच्या पृष्ठावर घर्षण असते. पेल्यात न गाळलेला चहा घेऊन चमच्याने गोल ढवळावा आणि चमचा बाहेर काढून पाहावे : चोथा कडेला फेकला जाईल ही आपली अपेक्षा असते, प्रत्यक्षात तो पेल्याच्या तळाशी मधोमध गोळा होतो. कारण असे की, तळाशी घासून फिरणाऱ्या चहाची गती मंदावते, गती मंदावली की बाहेर जाण्याची त्याची प्रवृत्ती क्षीण होते, पण वरून लादलेला आतल्या दिशेचा दाब मात्र तेवढाच राहतो. परिणामी तळचा थर आत सरकतो आणि चोथ्याला आपल्याबरोबर घेऊन येतो. चक्रीवादळातील खालचा साधारण एक किलोमीटर जाडीचा हवेचा थर नेमके हेच करतो, आणि चोथ्याच्या जागी तो समुद्रावरचे बाष्प मध्याकडे आणतो. गती रोखणारे घर्षणच अशा रीतीने वादळाला पाणी पुरवते. वारा जितका जोरकस, तितके घर्षण अधिक आणि तितकी आतली आवकही अधिक. प्रखर वादळाच्या मध्याजवळ पाऊस तीव्र का असतो, याचे पहिले कारण हे होय.

उष्णता आणि पाऊस यांचे परस्परावलंबन

मध्याजवळ एकवटलेल्या हवेला खाली समुद्र असल्यामुळे तिकडे जाता येत नाही आणि मागून येणारी हवा तिला थांबू देत नाही, तेव्हा ती वर चढते. वर चढताना ती प्रसरण पावते, थंड होते, आणि तिच्यातील बाष्पाचे पाण्याच्या थेंबांत रूपांतर होते. या रूपांतरात फार मोठी उष्णता मोकळी होते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यासाठी समुद्राने जी सुमारे पंचवीस लाख जूल उष्णता खर्ची घातली होती, ती बाष्पात गुप्तपणे साठवलेली असते, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. थेंब बनताना ती जशीच्या तशी हवेला परत मिळते. तापलेली हवा हलकी होऊन आणखी जोराने वर जाते, खालचा दाब आणखी उतरतो, वारा वाढतो, वाऱ्याबरोबर घर्षण वाढते, आणि घर्षणाबरोबर बाष्पाची आवक. सुमारे साडेसव्वीस अंशांहून अधिक तापमानाचा खोल पाण्याचा साठा खाली असेपर्यंत हे चक्र चालू राहू शकते.

या देवघेवीचे परिमाण ध्यानात येण्यासाठी एक आकडा देतो. सरासरी चक्रीवादळात 665 किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर रोज सरासरी दीड सेंटिमीटर पाऊस पडतो, असे हवामानशास्त्रज्ञांचे अनुमान आहे. दीड सेंटिमीटर म्हणजे काही फार नव्हे. परंतु एवढ्या विस्तारावर तो पाऊस दररोज सुमारे 21 घनकिलोमीटर पाणी होतो. कोयनेचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला असता त्यात सुमारे तीन घनकिलोमीटर पाणी मावते; म्हणजे एकच वादळ दिवसाला सात कोयना ओतते. आणि थेंब बनण्याच्या क्रियेत मोकळी होणारी उष्णता त्या वादळातील वारा टिकवून ठेवण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे चारशेपट असते. आपण वाऱ्याला वादळ समजतो. ऊर्जेच्या हिशेबात मात्र पाऊस हेच वादळाचे मुख्य कार्य आणि वारा हा त्याचा अल्पसा अंश होय.

पाऊस कोठे पडतो?

पूर्ण वाढलेल्या वादळाच्या मध्यावर वीस ते पन्नास किलोमीटर व्यासाचा शांत भाग असतो, त्याला डोळा म्हणतात. तेथे हवा खाली उतरते आणि पाऊस जवळजवळ नसतो. डोळ्याला वेढून दहा-पंधरा किलोमीटर उंचीची मेघांची भिंत उभी असते, आणि अत्यंत तीव्र पाऊस या भिंतीखाली पडतो. तिच्या बाहेर सर्पिल आकाराचे पर्जन्यपट्टे शेकडो किलोमीटरपर्यंत पसरलेले असतात. पट्ट्यांमध्ये उघडीप असते आणि पट्टा आला की सरी कोसळतात; वादळ दूर असताना किनाऱ्यावर पाऊस थांबून थांबून येतो, तो यामुळे.

हे चित्र सर्व बाजूंनी सारखे मात्र नसते. खालचा वारा एका दिशेने आणि वरचा दुसऱ्या दिशेने किंवा वेगळ्या गतीने वाहत असला, तर वादळाची उभी रचना कलते, आणि पाऊस एका बाजूस झुकतो : वरच्या-खालच्या वाऱ्यांतील फरक ज्या दिशेला नेतो त्या दिशेकडे तोंड करून उभे राहिले, तर उत्तर गोलार्धात डाव्या हाताला आणि दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला पाऊस अधिक पडतो. म्हणून वादळाचा डोळा आपल्या गावावरून जाणार नाही, एवढ्यावरून पावसाबद्दल निश्चिंत होणे अनुचित आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ मुंबईला न धडकता समुद्रातूनच उत्तरेस गेले. तरीही सांताक्रूझला चोवीस तासांत सुमारे 230 मिलिमीटर पाऊस झाला, आणि तोही पावसाळा सुरू होण्यापूर्वी.

समुद्रावरच्या पावसाची मोजदाद

ही सर्व माहिती आपल्या हाती येण्यास फार काळ लागला, कारण वादळे आपले बहुतेक आयुष्य जेथे पर्जन्यमापक नाहीत अशा समुद्रावर घालवतात, आणि बेटांवर वा किनाऱ्यांवर जी उपकरणे असतात त्यांत वादळी वाऱ्यामुळे आडवे उडणारे थेंब पुरते पडत नाहीत. 1997 च्या नोव्हेंबरात अमेरिका व जपान यांनी मिळून उष्ण कटिबंधातील पाऊस मोजणारा उपग्रह सोडला, आणि अवकाशातून पावसाचा वेध घेणारे रडार प्रथमच पृथ्वीभोवती फिरू लागले. अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत सर्व महासागरांवरील वादळे एकाच मापाने मोजण्याची सोय त्यामुळे झाली. त्या नोंदींवरून असे दिसून आले की, दुबळ्या वादळात केंद्रापासून सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर पावसाची वर्तुळसरासरी तासाला तीन मिलिमीटरांच्या आसपास असते, तर अतिप्रखर वादळात ती बारा मिलिमीटरांपर्यंत चढते आणि केंद्रापासून अठ्ठावीस किलोमीटरांपर्यंत आत सरकते. वादळ प्रखर होते तसा त्याचा पाऊस वाढतो आणि आत गोळा होतो. हा उपग्रह 2015 मध्ये निवृत्त झाला. 2014 पासून त्याचा वारस हे काम अधिक विस्तृत पट्ट्यावर करीत आहे.

प्रखर वादळ म्हणजे हुकमी महापूर नव्हे

इथवर वाचलेल्या वाचकाचा असा समज होणे स्वाभाविक आहे की, वारा जितका मोठा तितका महापूरही मोठा असणार. वास्तव तसे नाही, आणि या लेखात विशेष आग्रहाने सांगावयाचे आहे ते हेच. तासाला किती पाऊस पडतो ही एक बाब, आणि एखाद्या गावावर एकूण किती पाऊस पडतो ही दुसरी. पहिलीला काळाने गुणल्यावाचून दुसरी मिळत नाही. गावावर वादळाचा मुक्काम किती वेळ होता, हे ठरवणारी गोष्ट म्हणजे वादळाची पुढे सरकण्याची गती, आणि ती वाऱ्याच्या वेगाहून सर्वस्वी निराळी असते, कारण वादळ भोवतीच्या विस्तीर्ण हवेच्या प्रवाहाबरोबर वाहवत जाते. तो प्रवाह मंदावला, की दोनशे किलोमीटर वेगाचे वारे असलेले वादळही जागच्या जागी घुटमळत राहते.

2013 च्या नोव्हेंबरात फिलिपाइन्सवर आलेले हैयान हे ज्ञात वादळांतील अतिप्रबळ वादळांपैकी एक होते. त्याने सहा हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला, परंतु ते वेगाने पुढे निघून गेले, आणि विध्वंस मुख्यतः वाऱ्याने आणि किनाऱ्यावर चढून आलेल्या समुद्राने केला. याउलट 1998 मधील मिच. कॅरिबियन समुद्रात ते सर्वोच्च श्रेणीस पोहोचले होते, पण होंडुरासच्या किनाऱ्याजवळ ते रेंगाळले आणि जमिनीवर येईपर्यंत त्याचा वारा पार ओसरला. वाऱ्याच्या श्रेणीप्रमाणे ते तेव्हा किरकोळ ठरले असते. त्याच दिवसांत मध्य अमेरिकेच्या डोंगरांवर दिवसेंदिवस कोसळलेल्या पावसाने दहा हजारांहून अधिक माणसे गेली, आणि निकाराग्वातील कासिता ज्वालामुखीचा उतार चिखल होऊन वस्त्यांवर आला. 1975 मध्ये चीनच्या हनान प्रांतात नीना वादळाचा अवशेष, ज्याला वादळ म्हणणेही कठीण व्हावे असा, अडकून पडला. एका दिवसात 1000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, बानच्याव धरण फुटले, आणि हजारो माणसे रात्रीत वाहून गेली.

2017 च्या ऑगस्टमधील हार्वी वादळ अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर आले, ते पुढे जाण्यास मार्गच न मिळाल्यामुळे ह्यूस्टन परिसरात कित्येक दिवस घोटाळत राहिले. नेदरलँड या गावी एकंदर 1539 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या नकाशात एवढा पाऊस दाखवण्यास रंगच नव्हते, म्हणून त्या खात्याला दोन नवे रंग वाढवावे लागले. साचलेल्या पाण्याच्या भाराने ह्यूस्टनची जमीन सुमारे दोन सेंटिमीटर खाली दबली, असे उपग्रहाधारित मोजमापांत आढळले.

क्राफ्ट नावाच्या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने या संबंधाचा एक ठोकताळा बांधून ठेवला आहे. आपल्या मापांत तो असा होतो : 4700 या संख्येला वादळाच्या पुढे सरकण्याच्या ताशी किलोमीटरांतील गतीने भागावे, म्हणजे सपाट प्रदेशावर अपेक्षित कमाल पाऊस मिलिमीटरांत मिळतो. वादळ ताशी वीस किलोमीटरने चालले असेल तर 235 मिलिमीटर. दहाने चालले असेल तर 470. या सूत्रात वाऱ्याच्या वेगाला स्थानच नाही, ही गोष्ट विचारार्ह आहे. ठोकताळा अगदी ढोबळ असला तरी तो वर्षानुवर्षे वापरला जातो.

डोंगराची भिंत

सपाट प्रदेशाचे हे झाले. मार्गात पर्वत आला की हिशेब बदलतो. बाष्पाने जड झालेला वारा उतारावर आदळला की त्याला वर चढावेच लागते, आणि समुद्रावर मेघभित्तीत जे घडले असते, ते डोंगराच्या वाताभिमुख अंगावर, एकाच जागी, वारा वाहत असेपर्यंत घडत राहते. भर समुद्रात पर्जन्यपट्टे फिरतात, म्हणून कोणत्याही एका बिंदूवर ते थोडाच वेळ असतात. डोंगर मात्र जागचा हलत नाही, आणि त्यामुळे त्याच्यावरचा पाऊसही हलत नाही.

रेयूनियन बेट क्षेत्रफळाने फार मोठे नाही, पण त्याची शिखरे तीन हजार मीटरांपर्यंत जातात. समुद्राच्या कोमट पाण्यातून एकदम उभे राहिलेले, चक्रीवादळांच्या रस्त्यावर असलेले, असे स्थान जगात क्वचितच सापडेल. 2007 मधील गामेद वादळाचा डोळा या बेटावर आलाच नाही. तो सुमारे 200 किलोमीटर दूर रेंगाळत राहिला आणि त्याचे ओले वारे दिवसेंदिवस ज्वालामुखीच्या उतारावर चढत राहिले. या आणि इतर वादळांत बेटावर झालेले उच्चांक पुढील चौकटीत दिले आहेत.

> चौकट : रेयूनियनचे उच्चांक
>
> 12 तास : 1144 मिमी, फॉक-फॉक (डेनिस वादळ, 1966)
> 24 तास : 1825 मिमी, फॉक-फॉक (डेनिस वादळ, 1966)
> 72 तास : 3930 मिमी, कॉमर्सन विवर (गामेद वादळ, 2007)
> 96 तास : 4936 मिमी, कॉमर्सन विवर (गामेद वादळ, 2007)
> 15 दिवस : 6083 मिमी, कॉमर्सन विवर (हायसिंथ वादळ, 1980)
>
> 48 तासांचा जागतिक उच्चांक मात्र भारताकडे आहे : चेरापुंजी, जून 1995, 2493 मिमी, तो मोसमी पाऊस होता.

तैवानमध्ये 2009 च्या ऑगस्टमध्ये मोराकोट वादळाने हेच सिद्ध केले. त्याचा वारा मध्यम प्रतीचाच होता. परंतु ते संथ चालले, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा दमट प्रवाह आपल्याकडे ओढून घेऊन त्याने तो तैवानच्या मध्य पर्वतरांगेवर सोडला. अलीशान येथे एकूण 2700 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला. शियाओलिन हे खेडे दरडीखाली गाडले गेले, त्यात चारशेहून अधिक माणसे होती. माळीण आणि तळीये या आपल्याकडच्या दुर्घटना चक्रीवादळाच्या नव्हत्या, तरी डोंगराची माती पाण्याने तुडुंब झाल्यावर काय होते, हे महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको.

तापणारे समुद्र

हवेचे तापमान एका अंशाने वाढले, की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हा भौतिकशास्त्राचा जुना व पक्का नियम आहे. चक्रीवादळ शेकडो किलोमीटरांवरचे बाष्प गोळा करणारे असल्यामुळे प्रत्येक ठिकाणची ही वाढीव शिल्लक मध्यावर एकत्र येते; शिवाय अधिक बाष्प म्हणजे अधिक सुप्त उष्णता, आणि अधिक उष्णता म्हणजे वर चढणाऱ्या हवेचा अधिक जोर. पृथ्वी दोन अंशांनी तापली, तर वादळांच्या पावसाची तीव्रता सरासरीने सुमारे चौदा टक्क्यांनी वाढेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. जगातील वादळांची संख्या वाढेल काय, याबद्दल मतभेद आहेत. ती पुढे सरकण्यात मंद होत आहेत काय, याबद्दलही आहेत. पाऊस वाढेल, याबद्दल मात्र जाणकारांत फारसे दुमत नाही.

अशा परिस्थितीत वादळांची श्रेणी केवळ वाऱ्यावरून ठरवण्याची जी रूढ पद्धत आहे, ती लोकांच्या मनात चुकीचा भरवसा निर्माण करते, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत अलीकडच्या दशकात चक्रीवादळांनी प्रत्यक्ष घेतलेल्या बळींपैकी निम्म्याहून अधिक बळी पावसाच्या पुराने घेतले आहेत. वारा ओसरला, श्रेणी उतरली, वादळाचे केवळ कमी दाबाच्या पट्ट्यात रूपांतर झाले, ही बातमी ऐकून माणसे घरी परततात, आणि पूर त्यानंतर येतो.

आपल्या हवामान खात्याच्या चक्रीवादळविषयक पत्रकात वाऱ्याच्या वेगाबरोबरच गेल्या सहा तासांत वादळ ताशी किती किलोमीटर गतीने पुढे सरकले, हाही आकडा दिलेला असतो. वाचकांनी तो आवर्जून पाहावा. आणि तो पाच-सातवर आलेला असला, तर वाऱ्याचा आकडा कितीही खाली उतरलेला असो, नदीकाठी आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी सुरक्षित जागी जाण्याची तजवीज दिवसाउजेडीच करावी.